सिंगापूरवरचा ज्वारीचा दाणा
धुळ्याच्या त्या संपादक नानांनी मला सावरलं, हे आधी सांगते. इथे परमुलखात चिकटवायला पिठाची खळ शिजवली की त्यांची कचेरी आठवते. दुसरीतून शाळा सुटलेली मी तिथे वर्तमानपत्राच्या अंकांच्या घड्या घालायचे. महायुद्धाचे दिवस होते; नाना जगाच्या राजकारणावर लिहीत आणि आपल्याकडचा शिपाई जिथे लढत असेल तिथे भिंतीवरच्या नकाशात खळीने ज्वारीचा दाणा चिकटवत. माझ्या भावाचा सिंगापूरवर होता. "नाना, उंदरांना जेवण वाढताय," मी हसायचे. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्याची बातमी आली त्या सकाळी त्यांनी लेख छापायला देण्याआधी मला समोर बसवलं. "पोरी, धुळं वाचेल त्याआधी तू ऐक." काहीही न गाळता त्यांनी सगळा वाचला. मी भावाचा ठावठिकाणा विचारला, "नाना, मना भाऊ आते कोठे शे?" जगाची उत्तरं देणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "मला माहीत नाही." भाऊ परतलाच नाही. उंदीर दाणा न्यायचे, नाना नवा चिकटवायचे. अजून खळ ढवळताना त्यात तो दाणा दिसतो आणि हात थांबतो. त्यांच्याच लेखांवर अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. आता त्यांची नजर गेली म्हणतात. एकदा धुळ्याला जाऊन त्यांना अख्खा अंक वाचून दाखवीन, वाईट बातमीसुद्धा न गाळता.