दादांनी बुजवलेली भोकं

पेणमध्ये भोक म्हणजे खोट. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून प्लास्टरची मूर्ती निघाली की हवेच्या बुडबुड्यांमुळे तिच्या अंगावर बारीक भोकं राहतात. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आयुष्यभर ती भोकं शोधली. मूर्ती मांडीवर घ्यायची, उजेडाकडे वळवायची, बोटाने चाचपायची. भोक सापडलं की ओल्या प्लास्टरने भरायचं आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने असं घासायचं की तिथे काही होतं हे साचा करणाऱ्यालाही कळू नये. त्यांचा हात गावात नावाजलेला. हमरापूरचे लोकसुद्धा बिघडलेल्या मूर्ती घेऊन आमच्याकडे यायचे. त्या हाताचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

कारण तो हात माझ्याही वस्तूंवरून फिरायचा. शाळेत मातीचा बैल करून न्यायचा होता. माझा बैल जरा तिरका झाला होता, एक शिंग आखूड, पण माझा होता. सकाळी उठून बघतो तर बैल सरळ उभा, शिंगं सारखी, पाठीवर झूल आणि झुलीला सोनेरी काठ. शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. नाव माझं पुकारलं, बक्षीस दादांचं होतं, आणि ते वर्गातल्या शेवटच्या बाकालाही माहीत होतं. "बघ, तुझा बैल कसा झालाय!" आई म्हणाली. माझा म्हणे.

म्हणून मी कारखान्यात बसलो नाही. टर्नरचं, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं, काम शिकलो आणि रोह्याला कंपनीत लागलो. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचा, भोंगा वाजतो ती कंपनी. दादांना कंपनीचं अप्रूप नव्हतं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लोखंड सोलतो."

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. घराच्या मागच्या पडवीत मी एक जुनं, छोटं लेथ मशीन आणून बसवलं आणि वाफेचं इंजिन करायला घेतलं. ओंजळीत मावेल एवढं, पण खरंखुरं चालणारं. त्याचा उपयोग काय, असं घरीदारी सगळे विचारायचे. मी हसून वेळ मारून न्यायचो. उपयोग एकच होता. या घरात एक तरी वस्तू अशी व्हावी, जिला दादांचा हात लागलेला नाही. ती चालावी, दादांनी समोर उभं राहून बघावी, आणि तिच्यात सुधारण्यासारखं त्यांना काही सापडू नये.

इंजिन अगदी साधं होतं. तांब्याच्या नळीचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. एक पितळी सिलिंडर एका उभ्या पितळी पट्टीला चिकटून झुलतो. सिलिंडरला एक भोक, पट्टीला दोन. झुलता झुलता सिलिंडरचं भोक आधी पट्टीच्या एका भोकासमोर येतं आणि वाफ आत शिरते, मग दुसऱ्यासमोर येतं आणि वापरलेली वाफ बाहेर पडते. बस, एवढ्यावर चाक फिरतं. म्हणजे सगळा जीव त्या तीन भोकांत, आणि सिलिंडर आणि पट्टी जिथे एकमेकांना टेकतात त्या दोन सपाट बाजूंत. त्या बाजू मी आरशाच्या काचेवर खरखरीत पेस्ट लावून घासल्या होत्या, मधून वाफ निसटू नये म्हणून. शिफ्ट संपवून यायचो, हातपाय धुवायचो आणि घासत बसायचो. भोकं पाडताना बारीक ड्रिल किती मोडले, याची आठवण आजही नको वाटते.

अखेर सगळे भाग जमले. रविवारी चालवून दाखवतो, असं मी घरात आणि शेजारी बोलून बसलो. शेवटचं पुसायला म्हणून इंजिन सुटं करून पडवीत वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं आणि शनिवारी पहिल्या शिफ्टला गेलो. दुपारी रोह्याहून गाडीत बसलो. निडी गेलं, नागोठणं गेलं, कासू येईपर्यंत माझं मनातल्या मनात दिवा पेटवून चाक फिरवूनही झालं होतं.

पडवीत आलो तर वर्तमानपत्रावर एक दागिना पडलेला. चाक लालभडक, आऱ्या सोनेरी. सिलिंडर मोरपिशी, त्यावर बारीक वेलबुट्टी. पट्टी सोनेरी, आरशासारखी गुळगुळीत, आणि तिच्यावर एकही भोक नाही. मी बोट फिरवलं, नख फिरवलं. सिलिंडर उचलून पाहिला, त्याचंही भोक नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो म्हणे. आमच्याकडे उलटं. काहीही करायला घ्या, दादांच्या हाताखालून गेलं की त्याचा गणपतीच होतो.

दादा पुढे कारखान्यात एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली.

"दादा, याची भोकं कुठं गेली?"

"भरली." त्यांनी वर पाहिलंही नाही. "तीन राह्यली होती. पितळंला पन बुडबुडं येतात का रे?"

"बुडबुडं नाय ती! मी पाडलेली भोकं हायत! त्यातूनच वाफ जाते!"

"पाडलेली?" आता त्यांनी कुंचला बाजूला ठेवला. "मुद्दाम भोक कोन पाडतं? आन उद्या चार लोक येनार, त्यांच्यासमोर ते उघडंवाघडं ठेवनार होतास? म्हनून रंग दिला."

"तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

आवाज चढल्यावर आई आतून धावत आली. "अरे, गणपती तोंडावर आलेत, तरी सगळी कामं बाजूला ठेवून बसले होते तुझ्यासाठी. दोन घास जेवलेसुद्धा नायत!"

हेच ते. नेहमीचंच. बैलाच्या वेळीही हेच ऐकलं होतं. ते उपाशी राहून तुमची वस्तू हिसकावून घेतात आणि तुम्ही वर उपकार मानायचे. मी म्हणालो, "दादा, माझ्या कामाला हात लावलेला मला चालणार नाय. यापुढं कधीच नाय." दादा शांतपणे आईला म्हणाले, "गो, त्याला च्या दे. दमून आलाय." दमून! त्या एका शब्दाने मी जेवढा चिडलो तेवढा रंगानेही चिडलो नव्हतो.

रविवारी शेजारी आले, रंग पाहून वाहवा करून गेले. चालत नाही म्हटल्यावर एकजण म्हणाला, "नाय चालला तरी शोकेसमधी काय शोभंल!"

गणपती आले, बसले, गेले. मी दादांशी बोललो नाही. थिनरने रंग उतरवला, सुईने भोकांतलं प्लास्टर कोरून काढलं. खरी नासाडी पॉलिश पेपरने केली होती, सपाट बाजूंच्या कडा घासून गोलसर झाल्या होत्या. पुन्हा काच, पुन्हा पेस्ट. घासताना प्रत्येक वेळी दादांच्या बोटांचा मनातल्या मनात उद्धार केला, देवाच्या मूर्ती घडवणारी बोटं असली तरी.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, कुणालाही न सांगता, बॉयलरमध्ये पाणी घातलं आणि दिवा पेटवला. पाणी उकळू लागलं. चाकाला बोटाने जरा ढकललं. एकदा अडलं, थोडं पाणी थुंकलं, आणि मग सुटलंच. फटफटफटफट करत चाक असं फिरायला लागलं की आऱ्या दिसेनात. सगळं उघडं पितळ, कुठेही रंग नाही. मी एकटाच मोठ्याने हसलो.

आवाज ऐकून आई आली. "अगो बाई!" म्हणाली आणि धावत जाऊन दादांना घेऊन आली. दादा हात पुसत आले, हाताला सफेत्याचा पांढरा रंग लागलेला. इंजिनासमोर उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. चाक फिरत होतं. राग होता, तरीही माझे कान त्यांच्या तोंडाकडे लागले होते, आणि त्याचाही मला राग येत होता.

दादांनी मान तिरकी केली, मूर्तीला बघताना करायचे तशी. मग एक बोट पुढे केलं. पट्टीच्या दुसऱ्या भोकातून वापरलेली वाफ फुसफुसत बाहेर पडत होती, तिथे.

"हे बघ," ते म्हणाले, "हे एक भोक राह्यलंच."

मी सांगितलं. ते भोक बाहेरच्या वाफेसाठी आहे, ते बुजवलं तर इंजिन जागच्या जागी थांबेल, हे सावकाश, दात आवळून, दोनदा सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय, व्हय," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुझं तू जान. पन लोकांना भोकच दिसनार."

ते कारखान्यात परत गेले. इंजिन चालतच होतं. आई एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघत होती. मी दिवा विझवला, पितळ निवायचीही वाट न बघता इंजिन फडक्यात गुंडाळलं, बोटं पोळली तरी सोडलं नाही, आणि सुट्टी असूनही पुढची गाडी पकडून रोह्याला गेलो, दादांचा हात पोचणार नाही तिथे.