बूमची सावली

अहमदपूरच्या अलीकडं एका गावतळ्याचा गाळ काढायचं काम चाललं होतं. पोकलेन मी चालवायचो, आणि बांधाला दगड लावायला गावातल्या सात-आठ बाया होत्या. तळ्यात झाड कुठलं यायला! म्हणून दुपारच्या सुट्टीत मी मशीनचा बूम, म्हणजे पुढचा तो लांब लोखंडी हात, उंच धरून इंजिन बंद करायचो. त्याच्या सावलीत बाया भाकरी खायच्या. "भाऊ, जरा इकडं घ्या की," असं हक्कानं सांगायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मला मशीन शिकवलं ते नायगावच्या एका उस्तादानं. त्याचं एकच पालुपद: "लोखंड काय उचलत न्हाई रे, तेल उचलतंय." दांडा ओढला की पंप तेल ढकलतो, ते सिलेंडरमध्ये दट्ट्याखाली शिरतं आणि बूम वर जातो. दांडा सोडला की तेलाची वाट बंद. तेवढ्या कोंडलेल्या तेलावर ते सगळं धूड उभं असतं. दट्ट्याभोवतीचं रबरी सील झिजलं की तेल हळूच पलीकडं निसटतं आणि बूम उतरायला लागतो, जरासुद्धा आवाज न करता. म्हणून उस्ताद बजावायचा, इंजिन बंद केलं की बकेट, म्हणजे बूमच्या टोकाचं दातेरी खोरं, जमिनीला टेकलीच पाहिजे.

त्या आठवड्यात सकाळचा चहा पिईस्तोवर बकेट चार बोटं खाली यायची. सील गेलंय हे मला कळत होतं. पण मेकॅनिक नांदेडहून यायचा, दोन दिवस काम बंद पडलं असतं. म्हटलं, चार बोटांनी काय होतंय? दुपारपर्यंत तेल तापून पातळ होतं आणि दुप्पट-तिप्पट निसटतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. उस्तादानं तेही सांगितलं होतं.

एका बाईची तान्ही पोरगी होती, पाच-सहा महिन्यांची. "भाऊ, झोळी बांधू का हितं?" तिनं बकेटकडं बोट दाखवून विचारलं. मी म्हणालो, "बांधा की. हलत न्हाई ते." तिनं बकेटच्या दातांना लुगड्याची झोळी बांधली, पोरीला झोपवलं. जेवणं झाल्यावर बाया लांबच्या विहिरीवर पाण्याला निघाल्या. "जरा ध्यान ठेवा," म्हणून ती गेली. मी मशीनच्या केबिनमध्ये टेकलो आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा झोळी जमिनीवर होती. कापड सैल पडलेलं, पोरगी उताणी, जागी, आणि बकेटचे दात तिच्या छातीपासून वीतभर वर. त्या दातांकडं बघून ती हसत होती. मी कसा धावलो, कसं तिला ओढून घेतलं, मला आठवत नाही.

तेवढ्यात तिची आई आली. "खाली घेतलंत व्हय झोळी? उठली आसंल. लई जीव हाय बाई भाऊला लेकरांचा!" बाकीच्या हसल्या. मी "हाव" म्हणालो. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बकेट जमिनीला टेकवून ठेवली. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. माझा बैल नशिबानं वाचला होता. मेकॅनिक संध्याकाळी येणार होता. पोरीची आई झोळी घेऊन आली. "वर घ्या की भाऊ. काल कशी निवांत निजली हुती."

आता गप्प बसणं जमेना. मी सगळं सांगितलं, सकाळच्या चार बोटांपासून. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"हाव," मी म्हणालो.

ती पोरीला पदराखाली घेऊन बांधाच्या तापल्या दगडावर जाऊन बसली. एकेक करून बाकीच्या बायाही भाकऱ्या उचलून तिच्यापाशी गेल्या.

सील बदललं. बूम केसभरही उतरेना. मी रोज दुपारी तो उंच धरायचो, खाली बसून दाखवायचो. काम संपेपर्यंत त्या बाया उन्हातच जेवल्या.