आधी तपासणी, मग सोयरीक

नोकरीभर मी दवाखान्यात लोकांची रक्तं तपासली. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून पोरांत उतरणारा रक्ताचा आजार, आमच्या जिल्ह्यात फार. म्हणून सुपारी फुटायच्या आत मुलामुलीचं रक्ततपासणीचं कार्ड बघा, हे तोंड दुखेस्तोवर सांगितलं. एकदा तर साखरपुड्याच्या मांडवात शिरून मुलाच्या बापाला झापलं होतं, "पत्रिका मग जुळवा, आधी रक्त तपासा!" तिथून जेवण न करताच परत आले.

निवृत्तीनंतर म्हसावदच्या घरात मी आणि माझी लॅब्राडोर कुत्री, एवढ्याच उरलो. नवरा आधीच गेला, लेक सुरतेला. कुत्री माजावर आली तेव्हा शहाद्याहून एकाचा नर आणवला. काय रुबाब होता मेल्याचा! तपासणी? छे! अहो, बैल घेतानासुद्धा माणूस आधी चालवून बघतो. मी तेवढंही केलं नाही. खरं सांगते, मला घर भरायचं होतं.

पाच पिल्लं झाली. एक ठेवलं, चार दिली. पिल्लं नेणारे सोयरेच होऊन बसले. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आला. गल्लीतला केळीवाला शेतकरी तर मादी घेऊन गेल्यापासून रोज संध्याकाळी ओट्यावर हजर. "इहीन, चहा ठेव व!" म्हणजे मी त्याची विहीणबाई! लेकीचा फोन आठवड्याने यायचा, हा रोज यायचा.

माझ्याकडचं पिल्लू आठव्या महिन्यात बसलं की उठेना. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचं. धुळ्याला नेऊन एक्स-रे काढला. खुब्याची वाटीच उथळ, हाड नीट बसत नव्हतं. डॉक्टरांनी आईचाही काढला. तिच्यातही तोच दोष, जरा कमी.

"वंशातून उतरतं हे, बाई," ते म्हणाले. "जोडी लावण्याआधी दोघांचे एक्स-रे काढायचे होते. बाकीच्या पिल्लांतही असू शकतं. तपासल्याशिवाय त्यांची पैदास होऊ देऊ नका."

हे मला सांगावं लागलं! मला!

आणि तरी मी दोन महिने गप्प बसले. सांगितलं असतं तर ओटा रिकामा झाला असता. लाज वाटत होती, पण एकटेपणाची भीती जास्त होती.

मग एका संध्याकाळी शेतकरी हसतच आला. त्याची मादी माजावर आली होती, तळोद्याचा नर ठरला होता. "आते तू आजी व्हशी!"

मी चहा त्याच्यापुढे ठेवला आणि एक्स-रे हातात दिला. सगळं सांगितलं. त्याने तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. कधीपासून माहीत होतं, विचारलं. दोन महिने, मी म्हणाले.

"लोकेसनं रगत तपासं तू, आन घरनी कुत्री तशीच ऱ्हायनी?"

चहा तसाच ठेवून तो गेला. तळोद्याची सोयरीक मोडली, असं दुसऱ्याकडून कळलं. बाकी तिघांना मी फोनवर सांगितलं. एकाने शिव्या घातल्या, दोघांनी फोन ठेवला. बरोबरच केलं त्यांनी.

आता चहा एकटीचाच होतो. शेतकऱ्याच्या यायच्या वेळेला मात्र माझं लंगडं पोर कान टवकारतं, पुढच्या पायांवर जोर देत, कण्हत उठतं आणि फाटकाशी जाऊन उभं राहतं. मी म्हणते, बस रे बाळा, कोणी येणार नाही. पण ते रोज उठतं.