प्रसूती कोणी केली, या रकान्यात

परवा रविवारी कळमनुरीला आईकडे गेले होते. जेवणं झाल्यावर मोबाईलवर एक जुनी टीव्ही मालिका लावली... खेड्यातल्या एका प्रसूतिगृहाची गोष्ट. आई सत्तरच्या दशकात औंढ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती, म्हटलं रमेल.

रमते कसली! पहिल्या भागापासून तिची टीकाटिप्पणी सुरू. "बाळंतीण हाय का नवरी? एवढी पावडर लावून कोण कळा देतं?"

तिसऱ्या भागापर्यंत मलाही खटकायला लागलं. डॉक्टर, नर्स, सगळे गोरेगोमटे, एकाच वळणाच्या आडनावांचे. आमच्यासारख्या बौद्ध घरातली एकही नर्स नाही. बंजारा तांड्यावरची म्हणावी अशी एकच बाई... दाई. कळकट, हातात गंजका विळा, आणि बाळ दगावलं की दोष तिचा.

मी तावातावाने म्हटलं, "आई, तू इतकी वर्षं राबलीस आणि यांनी तुला दाखवलंसुद्धा नाही. यावर पोस्टच लिहिते."

आई म्हणाली, "लिही. पण मी बी तेच केलं व्हतं, ते बी लिही."

तर ऐका. नोकरीचं पहिलंच वर्ष. तांड्यावरून निरोप आला म्हणून आई पेटी घेऊन भर दुपारी चालत गेली. पहिलटकरीण सकाळपासून अडली होती. तिच्याजवळ तांड्यावरची दाई होती, सोमलीबाई. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

आईने ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं पोरीला बाजेवर उताणं निजवलं आणि याडीला बाहेर बसवलं. एक तास गेला, दुसरा गेला... बाळ पुढे सरकेना. शेवटी आईच दारात येऊन याडीला म्हणाली, "आत या."

याडी रागावली नाही. तिने आढ्याला दोर बांधला, पोरीला उकिडवं बसवून तो धरायला लावला आणि मागून तिला घट्ट आधार दिला. "निजून कुठं लेकरू येतंय, बाई? बसू दे तिला."

थोड्याच वेळात मुलगी झाली. नाळ आईने कापली, उकळलेल्या ब्लेडने. बाकी सगळं याडीचं.

गावातल्या काही घरांत तेव्हा आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. याडीने त्या दिवशी स्वतःचा तांब्या तिच्या हातात दिला.

उपकेंद्रात परतून तिने रजिस्टर उघडलं. त्यात रकाना होता, 'प्रसूती कोणी केली'. आईने स्वतःचं नाव लिहिलं.

"काहून गं आई?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"नवी नोकरी. दाईचं नाव दिसलं तर साहेब म्हणतील, मंग तू काय करून राहिली व्हतीस? याडीला वाचता येत न्हवतं, तिला कधी कळलंच न्हाई. मला मातर रोज कळत व्हतं."

मालिका आम्ही तिथेच बंद केली. माझा राग अजून आहे, पण आता तो नुसता मालिकेवाल्यांवर नाही.

ते रजिस्टर आता कुठे असेल कोण जाणे. सोमलीबाई तर कधीच गेली. आईने चष्मा लावून ही पोस्ट दोनदा वाचली आणि शेवट स्वतः सांगितला. तसाच लिहिते...

"त्या दुपारचं बाळंतपण सोमलीबाईनं केलं. मी निसती जवळ व्हते."