घोडं पाणी पिईपर्यंत

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात मी अमडापूरच्या शाळेत मास्तर होतो. दर सोमवारी चिखलीहून ज्याच्या टांग्यातून जायचो, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

वाटेतल्या विहिरीवर तो घोड्यापुढे पाण्याची बादली ठेवायचा आणि बिडी ओढत बसायचा. बायको वारली, तशी त्याने बिडी सोडली. तेवढ्या वेळात तो चाकाला टेकून, गुडघ्यावर वही धरून लिहू लागला. शिसपेन्सिल जिभेला लावून सावकाश, जाड अक्षरात.

"काय लिहितोस?" मी विचारलं.

"जात्यावरच्या ओव्या, मास्तर. माह्या घरची म्हने. पोरगी लहान हाय, तिले याद राहनार नाही."

"मग घरी निवांत बसून लिही ना."

"घरी सयपाक हाय, पोरगी हाय, घोड्याचा चारा हाय. घोडं पानी पेते तवढ्यात दोन ओळी होतात. रोजच्या दोन लय झाल्या."

एका सोमवारी शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार होते. घोड्याचं पिऊन झालं, तरी हा पेन्सिल धरून तसाच बसलेला. एक ओवी अर्धीच आठवत होती; तेवढीच तो पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. टांग्यातल्या एका म्हातारीने उरलेली ओळ म्हणून दाखवली.

त्याने मान हलवली. "माय, हे बी चांगलं हाय. पन थे असं म्हनत नोती."

तो डोळे मिटून ओठ हलवू लागला. मला उशीर होत होता. तरी मी खाली उतरलो, पाणी शेंदलं आणि घोड्यापुढे दुसरी बादली ठेवली. घोड्याने तिला तोंडही लावलं नाही.

बऱ्याच वेळाने कागदावर पेन्सिल चालू लागली. म्हातारी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मास्तर, आता काही बोलू नका."