धार लावलेली तलवार

त्या तलवारीची चौकशी मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी अमेरिकेतल्या श्रूजबरीजवळच्या एका लहान गावात डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे देशी घरातली तक्रार आली की ती माझ्याच टेबलावर यायची.

एका शेजारणीचा फोन आला. समोरच्या घरातल्या भाडेकरू मुलाने चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक गाडीत घातलं, पितळी मूठ बाहेर दिसत होती. त्या घराच्या मालक काकांना जुन्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारी जमवायचा नाद. त्यांनी तळघरात पाहिलं तर एक गायब. त्यांनी रीतसर चोरीची तक्रार नोंदवली.

मुलगा नागपूरचा, इथे पीएचडी करत होता. मी त्याला ठाण्यात बोलावून त्याचे हक्क वाचून दाखवले.

"सर, मी नेली. पण चोरली नाही."

"मग कशाला नेलीस?"

"ते नाही सांगू शकत. प्रॉमिस केलंय."

"अरे बाबा, केस झाली तर व्हिसा जाईल तुझा. कळतंय का?"

"कळतंय, सर."

डोळे भरून आले, पण तोंड उघडेना. सराईत चोर मागाल तेवढ्या गोष्टी रचून देतो. हा पठ्ठ्या गप्प बसून स्वतःचंच वाटोळं करून घेत होता. मला त्याचा राग आला आणि काळजीही वाटली.

मग मी काकांचं तळघर पाहायला गेलो. नोकरीवरून काढल्यापासून ते दिवसभर तिथेच बसतात, असं काकूंनी जिन्यातच सांगितलं. भिंतीवर तलवारी ओळीने टांगलेल्या होत्या.

"यांना पॉलिश करता का?" मी सहज विचारलं.

"छे! जुना रंग घासला की पीस खराब झाला. आणि धार तर खरा कलेक्टर कधीच लावत नाही. सगळ्या बोथट आहेत."

ते हे सांगत होते आणि त्यांच्या खुर्चीपाशी तेलाने ओला झालेला धार लावायचा दगड पडला होता. मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी दगडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी त्यांना वर स्वयंपाकघरात नेलं. "काकू, तलवार तुम्हीच न्यायला लावलीत ना?"

त्यांना रडू फुटलं. "रोज धार लावत बसायचे हो. विचारलं तर म्हणायचे, आता फार दिवस त्रास नाही देणार तुला. मी घाबरले. त्या मुलाला म्हटलं, घेऊन जा, कुण्णाला बोलू नकोस. इथले लोक काय म्हणतील?"

खाली काका एकटेच होते. मी पळतच जिना उतरलो. त्यांनी भिंतीवरची दुसरी तलवार काढून मांडीवर घेतली होती. मी समोर बसलो आणि सरळ विचारलं, "काका, जीव द्यायचं मनात आहे का?"

ते तलवार माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हे कुणी विचारलंच नाही रे."

त्याच दुपारी मी आणि काकू त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. पुढे तक्रार त्यांनी स्वतःच मागे घेतली आणि मुलगा सुटला.

वस्तू कुणी नेली, हे आम्ही पोलीस आधी विचारतो. त्या दिवसानंतर मी, ती कुणापासून लांब नेली, हेही विचारू लागलो. भीती त्या घरात सगळ्यांनाच वाटत होती. विचारायला मात्र पोलीस यावा लागला.