पाच आकड्यांच्या पुढे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — कुठून सुरू करू, तेच पाहून राहिले.

राइट टाउनमधल्या एका खाजगी दवाखान्यात मी पेशंटची नोंदणी करते. प्रत्येकाला एक नंबर. तो कार्डावर लिहायचा, आणि त्याच नंबराखाली कॉम्प्युटरात त्याचं सगळं दुखणंखुपणं. तेव्हा सॉफ्टवेअर जुनं होतं. नंबराच्या जागेत पाचच आकडे मावायचे, आणि आम्ही नव्याण्णव हजारांच्या पुढे गेलो होतो.

डॉक्टरांना सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. मला — काय म्हणू — पाहायचं होतं. लहानपणी भेडाघाटच्या रस्त्यावर बाबांनी स्कूटर थांबवून मीटर दाखवलं होतं. सगळे नऊ एकदम फिरून शून्य झाले होते. इथंही तसंच होईल? मशीन अडून बसेल? की सहावा आकडा कुठून तरी काढेल? त्या दिवसांत मी कामावर अगदी हौसेनं जायची.

शेवटचा नंबर एका ऑटोवाल्याला गेला. मग एक तान्हं बाळ आलं, आणि मशीननं त्याला दिला — एक. मी चक्क हसले. जुना एक नंबर कुणाचा होता, म्हणून शोधलं. ते नावच नव्हतं. बाळाची नोंद त्याच्यावरच चढली होती.

तेव्हा तरी बोलायचं? पण डॉक्टरांनी विचारलं असतं, तुला आधीपासून ठाऊक होतं का? इतके जुने पेशंट आता कशाला येतात — असं म्हणत मी नंबर देत राहिले.

मग गढा मोहल्ल्यातल्या एक आजी आल्या. अंगात ताप, हातात जुनं कार्ड. मुलगा बाहेर गाडी लावत होता. त्यांच्या नंबरावर भलत्याच माणसाचं नाव. मी मुकाट्यानं त्यांना नव्यानं लिहून घेतलं.

"एक इंजेक्शन मला चालत नाही बरं," त्या म्हणाल्या. "नाव ध्यानात नाही. तुमच्याकडे लिहून आहे ना?"

"हो, आजी."

डॉक्टरांनी आतून विचारलं, "पुराना कुछ है क्या?"

"नहीं सर, नया केस है."

आजी लिहिलेल्याच्या भरवशावर गप्प राहिल्या. इंजेक्शन दिलं. चेहरा सुजला, श्वास अडकला. वाचल्या — पण तीन दिवस भरती होत्या.

"आई, काहून नाही सांगितलं?" मुलगा चिडला.

"अरे, या बाईंना सांगितलं ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही हो. मला तर काहीच नाही बोलल्या."

आजी रागावल्या नाहीत. नुसत्या पाहत राहिल्या, कोडं पडल्यासारख्या. "अच्छा? मग मी कुणाला सांगितलं?"

पुढे नवं सॉफ्टवेअर आलं. औषधं न्यायला आता मुलगा एकटाच येतो. आईला बाहेर सोडत नाही म्हणतो, तिचं डोकं चालत नाही. आजीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात म्हणे — मला काही आठवत नाही बापा.

त्यांना नीट आठवत होतं. त्यांनी मलाच सांगितलं होतं.